सत्तावीस तासांची सुनावणी आणि चुकलेली जाहिरात: पेजलँड लेनचं प्रकरण

१२ डिसेंबर २०२३ च्या सकाळी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स विल्यम काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पर्यवेक्षक मंडळासमोर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासमोर, एक सुनावणी सुरू झाली. ती संपली दुसऱ्या दिवशी दुपारी. जवळपास सत्तावीस तास शेकडो माणसं एकामागून एक बोलत राहिली. कुणी घराजवळच्या आवाजाबद्दल बोललं, कुणी पिण्याच्या पाण्याबद्दल, कुणी शाळांना मिळणाऱ्या पैशाबद्दल. आपली जमीन आपल्याला विकू द्या, एवढंच सांगायला आलेलेही काही होते. मग मतदान झालं. चार मतं बाजूने, तीन विरोधात, एक सदस्य तटस्थ. सुमारे १,७६० एकर ग्रामीण जमिनीवर डेटा सेंटरं, म्हणजे हजारो सर्व्हर ठेवलेल्या मोठमोठ्या इमारती, उभारायला परवानगी मिळाली.

हा प्रकल्प ‘प्रिन्स विल्यम डिजिटल गेटवे’ या नावाने ओळखला जातो. क्यूटीएस आणि कंपास या दोन कंपन्या इथे मिळून दोन कोटी वीस लाख चौरस फुटांहून जास्त बांधकाम करणार होत्या. इमारतींची संख्या सदतीसपर्यंत जाऊ शकत होती आणि त्यांच्यासोबत विजेची उपकेंद्रं येणार होती. एका बाजूला मनॅससची राष्ट्रीय रणभूमी, दुसऱ्या बाजूला वसाहती, मधून जाणारा पेजलँड लेन हा अरुंद रस्ता.

वस्तीशेजारी डेटा सेंटर नको म्हणणाऱ्या लोकांच्या लढती आता अनेक ठिकाणी चालू आहेत. त्यातलं हेच प्रकरण मी तपशिलात मांडतो आहे, कारण पैसा, आवाज, वीज, इतिहास, निवडणूक आणि कायदा हे सगळे धागे इथे एकाच गाठीत आले. शिवाय ती गाठ सुटली एका अशा टोकाने, ज्याकडे सुरुवातीला फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

तारा आधी आल्या

उत्तर व्हर्जिनियात जगातली सर्वात मोठी डेटा सेंटरची वस्ती आहे. १९९० च्या दशकात इंटरनेटची महत्त्वाची जोडणी-केंद्रं या भागात उभी राहिली. त्यांच्या जवळ राहणं फायद्याचं म्हणून एकामागून एक कंपन्या आल्या आणि लाउडन काउंटीतल्या ॲशबर्नच्या परिसराला ‘डेटा सेंटर ॲली’ हे नावच पडलं. काही वर्षांत तिथली जमीन महागली आणि संपतही आली. जुलै २०२२ मध्ये डोमिनियन एनर्जी या वीज कंपनीने पूर्व लाउडनमधल्या नव्या डेटा सेंटरांना पूर्ण वीज द्यायला काही वर्षं लागतील असं कळवलं. तोवर कंपन्यांची नजर शेजारच्या प्रिन्स विल्यमकडे वळलेलीच होती.

वळण्याचं एक कारण करात होतं. डेटा सेंटरच्या आतल्या संगणक सामग्रीवर काउंटी दरवर्षी कर लावते आणि खरं उत्पन्न तिथूनच येतं. लाउडनचा दर शंभर डॉलर मूल्यामागे चार डॉलरच्या वर होता. प्रिन्स विल्यमने आपला दर बरीच वर्षं दोन डॉलरच्या खाली ठेवला. तो वाढला तो वाद पेटल्यानंतर. शेजाऱ्यापेक्षा स्वस्त राहून गिऱ्हाईक ओढायचं हे धोरण काउंटीने स्वतः निवडलेलं होतं. पुढे जे घडलं त्याला ‘बाजाराची ओढ’ म्हणून मोकळं होता येत नाही, ते यासाठी.

दुसरं कारण म्हणजे तारा. पेजलँड लेनच्या कडेने उच्चदाबाच्या विद्युतवाहिन्या जातात. ज्या जमीनमालकांनी पुढे डेटा सेंटरसाठी अर्ज केला, त्यांच्यातल्याच काहींनी एके काळी या वाहिन्यांना जोरदार विरोध केला होता. ते हरले. घरासमोर मनोरे उभे राहिले, मोकळ्या रानाचं रूप गेलं. मग त्यांनी हिशेब मांडला की हे आता गाव राहिलेलं नाही, तर निदान चांगला भाव तरी घ्यावा. भाव एकराला दहा लाख डॉलरच्या आसपास बोलला जात होता. शेतीच्या जमिनीला तिथे कुणी स्वप्नातही एवढे पैसे दिले नसते.

विरोधकांच्या सभांमध्ये या मालकांना लोभी म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. ज्याच्या दारात वाहिनी आली त्याचं आधीच नुकसान झालं होतं आणि त्या वेळी शेजारच्या वसाहती त्याच्यासाठी सत्तावीस तास बसल्या नव्हत्या. या प्रकरणात दोन्ही बाजूंना शेजारीच होते, हे विसरलं तर पुढचं काहीच नीट कळत नाही. एक पायाभूत सुविधा लादली की तिच्या शेजारी राहणाऱ्यांचा प्रतिकार मोडतो आणि तीच जागा दुसऱ्या सुविधेसाठी ‘योग्य’ ठरते. मनोरे होते म्हणून डेटा सेंटर आणि डेटा सेंटर आलं की आणखी मनोरे, असं ते चक्र आहे.

आणखी एक भिंत होती, कागदावरची. १९९८ मध्ये काउंटीने ‘रूरल क्रेसेंट’ नावाचा ग्रामीण पट्टा आखला होता. तिथे दहा एकरांत एकच घर बांधता येई. पलीकडे हेरिटेज हंट, ओक व्हॅली अशा वसाहतींत लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरं घेतली, ती या पट्ट्याच्या भरवशावर. हेरिटेज हंट तर पंचावन्नच्या पुढच्या माणसांसाठीची वसाहत. म्हणजे निवृत्तीनंतर शांतपणे राहायला आलेली माणसं.

आवाज: मोजता येतो, पण कशात?

विरोधाच्या मुद्द्यांत मला सर्वात वजनदार वाटतो तो आवाजाचा. लोक तो बोलून दाखवतात तेव्हा बाहेरच्याला क्षुल्लक वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

डेटा सेंटरच्या आतले हजारो सर्व्हर अखंड तापत असतात. ती उष्णता बाहेर टाकायला छतावर किंवा इमारतीच्या अंगाला मोठमोठे पंखे आणि शीतक यंत्रं लावलेली असतात. ती रात्री थांबत नाहीत, सुटीच्या दिवशी थांबत नाहीत. त्यांच्या आवाजातला मोठा हिस्सा खालच्या पट्टीतला असतो: घरघर, गुणगुण, दुरून ट्रक उभा असल्यासारखी धडधड. उंच पट्टीचा आवाज भिंतीने आणि काचेने बराच अडतो. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीतून आत येतो आणि मध्यरात्री बाकी सगळं शांत झालं की तोच उरतो.

आता मोजणीचं बघा. ध्वनीच्या नियमांत सहसा ‘ए’ भारांकनाचे डेसिबल वापरतात. माणसाचा कान मंद आवाज जसा ऐकतो त्याच्या अंदाजाने ते भारांकन बसवलेलं आहे, त्यामुळे खालच्या पट्ट्या ते फार हलक्या धरतं. १०० हर्ट्झची घरघर मापकात सुमारे १९ डेसिबलने कमी धरली जाते. म्हणजे अधिकारी मापक घेऊन अंगणात येतो, आकडा मर्यादेच्या आत दिसतो, तो निघून जातो आणि घरातल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. दोघेही खरं बोलत असतात. नियमच चुकीच्या आवाजासाठी लिहिलेला असतो.

पेजलँड लेनच्या लोकांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्याच काउंटीत मनॅससजवळच्या ग्रेट ओक वसाहतीशेजारी ॲमेझॉनची डेटा सेंटरं सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिथले रहिवासी सततच्या गुणगुणीची तक्रार घेऊन मंडळासमोर उभे राहिले. तेव्हा उघड झालं की काउंटीच्या ध्वनिनियमात वातानुकूलनाच्या यंत्रांना सूट होती. घराच्या एसीसाठी ठेवलेली ती सूट छतभर पसरलेल्या शीतक यंत्रांना लागू पडत होती. कंपनीने पुढे पंख्यांमध्ये बदल केले, मंडळालाही त्या सुटीला हात घालावा लागला. पण ग्रेट ओकच्या माणसांनी दीड-दोन वर्षं जे सोसलं ते पेजलँडच्या शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘आम्ही अंदाजाने घाबरत नाही, तिथे जाऊन ऐकून आलो आहोत,’ हा त्यांचा सूर त्यामुळे होता.

पाण्याच्या मुद्द्याला मात्र थोडं सावधपणे घ्यायला हवं. डेटा सेंटरं पाणी पितात असं सगळीकडे म्हटलं जातं आणि काही पितातही. पण व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास दिला, त्यात बहुतेक डेटा सेंटरांचा पाणीवापर मोठ्या कार्यालयीन इमारतीएवढा किंवा त्याहून कमी आढळला. इथली खरी चिंता वेगळी होती. हा सगळा परिसर ऑक्कोक्वान जलाशयाच्या पाणलोटात येतो आणि त्या जलाशयातून शेजारच्या फेअरफॅक्समधल्या लाखो लोकांना पिण्याचं पाणी मिळतं. शेकडो एकर जमीन छतं आणि डांबराखाली गेली तर पावसाबरोबर काय वाहून येईल, हा प्रश्न फेअरफॅक्स वॉटर या पाणीपुरवठा संस्थेने काढला आणि आधी सखोल अभ्यास करा अशी मागणी केली. रास्त मागणी होती. मंजुरी मात्र त्या अभ्यासाआधीच मिळाली.

त्याच आयोगाच्या अहवालातलं एक निरीक्षण पेजलँडच्या लोकांना आधी हातात मिळालं असतं तर फार उपयोगी पडलं असतं. डेटा सेंटरची औद्योगिक व्याप्ती पाहता ती निवासी भागाशी जुळत नाहीत आणि राज्यातली एक तृतीयांश डेटा सेंटरं वस्तीजवळच आहेत, असं तो सांगतो. रोजगाराचं चित्रही तिथे स्पष्ट आहे. अडीच लाख चौरस फुटांची एक इमारत बांधताना ऐन कामाच्या दिवसांत दीड हजारांपर्यंत माणसं लागतात, चालू झाल्यावर सुमारे पन्नास. काउंटीचा फायदा कराचा आहे, नोकऱ्यांचा नव्हे. आणि कराचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. लाउडनमध्ये घरमालकांवरचा करभार हलका राहिला तो या उद्योगामुळेच. समर्थक हे सांगत होते तेव्हा ते दिशाभूल करत नव्हते. प्रश्न एवढाच होता की सगळ्या काउंटीचा कर हलका करण्याची किंमत एका रस्त्याच्या आजूबाजूच्या घरांनी द्यायची का आणि ते त्यांना विचारून ठरलं का.

रणभूमी

मनॅससला अमेरिकी यादवी युद्धातल्या दोन मोठ्या लढाया झाल्या, जुलै १८६१ आणि ऑगस्ट १८६२ मध्ये. ही जमीन वाचवण्याची लढाईही जुनीच. १९८८ मध्ये इथे मॉल होणार होता, तेव्हा अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, थेट कायदा करून पाचशेहून अधिक एकर जमीन ताब्यात घेतली. १९९४ मध्ये डिस्नेला याच काउंटीतल्या हेमार्केटजवळचं इतिहासावरचं करमणूक उद्यान सोडून द्यावं लागलं. त्यामुळे डिजिटल गेटवेची बातमी फुटताच रणभूमी जपणाऱ्या संस्था, पर्यावरण संस्था, इतिहासकार सगळे उतरले. माहितीपटकार केन बर्न्स यांनीही मंडळाला विरोधाचं पत्र लिहिलं.

या नावांमुळे प्रकरण देशभर गाजलं. पण रात्रीच्या झोपेची गोष्ट मथळ्यांत मागे पडली. १६० वर्षांपूर्वी तिथे मेलेल्या सैनिकांसाठी देश हळहळतो आणि आज तिथे राहणाऱ्या सत्तरीच्या बाईच्या खिडकीबद्दल मोजकेच बोलतात, याचं मला वाईट वाटतं. दोन्ही मुद्दे खरे असले तरी.

मतपेटी बोलली, मंडळाने ऐकलं नाही

क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२१ मध्ये जमीनमालकांच्या मागणीवरून काउंटीने आपल्या विकास आराखड्यात बदलाचा विचार सुरू केला. मूळ मागणी सुमारे आठशे एकरांची होती, ती फुगत २,१०० एकरांच्या पुढे गेली. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर आराखड्यातला बदल पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

गेन्सव्हिल भागाचे प्रतिनिधी पीट कँडलंड यांनी त्यात मत दिलं नाही. ते आधी या योजनेच्या विरोधात होते. मग त्यांच्या वसाहतीतल्या शेजाऱ्यांनी जमीन विकायचं ठरवलं आणि त्यांनीही करारावर सही केली. हितसंबंध आल्याने त्यांना बाजूला बसावं लागलं. ज्यांच्या दारात हे सगळं होणार होतं, त्यांचाच प्रतिनिधी मुका झाला. मतदार संतापले, डिसेंबर २०२२ मध्ये कँडलंड यांनी राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत प्रकल्पाचे कडवे विरोधक बॉब वेअर निवडून आले.

जून २०२३ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. मंडळाच्या अध्यक्ष ॲन व्हीलर या प्रकल्पाच्या बाजूने होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना देशुंड्रा जेफरसन यांनी हरवलं, आणि जेफरसन यांच्या प्रचारात डेटा सेंटरला विरोध हा ठळक मुद्दा होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत जेफरसन यांच्यासमोर रिपब्लिकन जनीन लॉसन उभ्या होत्या आणि त्याही डिजिटल गेटवेच्या विरोधात होत्या. म्हणजे कुणीही जिंकलं तरी पुढचा अध्यक्ष विरोधकच असणार होता. ज्या देशात दोन पक्षांचं कशावरच जमत नाही, तिथे एका रस्त्याच्या प्रश्नावर दोन्हीकडचे मतदार एका सुरात बोलले.

जेफरसन जिंकल्या. त्या जानेवारी २०२४ मध्ये पदावर येणार होत्या. नोव्हेंबरमध्ये काउंटीच्या नियोजन आयोगाने झोनबदल, म्हणजे जमिनीच्या ठरवून दिलेल्या वापरातला बदल, नाकारा अशी शिफारस केली. काउंटीच्या स्वतःच्या नियोजन कर्मचाऱ्यांचाही सल्ला नकाराचाच होता. आणि तरीही जुन्या मंडळाने, हरलेल्या अध्यक्षांच्या उपस्थितीत, मुदत संपायला तीन आठवडे असताना सुनावणी घेतली. चार विरुद्ध तीन.

समर्थक म्हणतात की मंडळाची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती, त्याला अधिकार होता. कायद्याच्या शब्दांत होता. पण मतदारांनी जे नुकतंच स्पष्ट सांगितलं, ते अमलात यायच्या आत उलटा निर्णय घेऊन टाकणं मला उघड अनादराचं वाटतं. आणि त्या घाईनेच पुढे निर्णयाचा घात केला.

जाहिरात

व्हर्जिनियाचा कायदा सांगतो की झोनबदलाच्या सुनावणीची सूचना वृत्तपत्रात ठरावीक अंतराने, सलग दोन आठवड्यांत छापली पाहिजे. प्रस्ताव आणि कागदपत्रं लोकांना कुठे बघायला मिळतील हेही त्यात हवं आणि ती तिथे खरोखर असायला हवीत. सुनावणी होती १२ डिसेंबरला. जाहिराती ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये छापून आल्या त्या डिसेंबर उजाडल्यावर. वेळेचं गणित चुकलं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये ओक व्हॅलीच्या घरमालक संघाने आणि काही रहिवाशांनी दावा दाखल केला. त्यांच्याकडे नावाजलेले इतिहासकार नव्हते. त्यांच्याकडे तारखा होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीश किंबर्ली अर्विंग यांनी निकाल दिला: सूचना कायद्याप्रमाणे दिली गेली नाही, म्हणून झोनबदल मुळातच अवैध.

निकाल आल्यावर ‘तांत्रिक मुद्द्यावर प्रकल्प पडला’ असं बरंच लिहिलं गेलं. सत्तावीस तास लोक बोलले की, मग सूचनेचं काय एवढं, असाही सवाल आला. मला हा सवाल उथळ वाटतो. सुनावणीला आलेली माणसं कोण होती? आधीपासून संघटित असलेली, दोन्ही बाजूंची. जो या भांडणात नव्हता, ज्याला वाहिनी कुठून जाणार हे माहीत नव्हतं, ज्याला हजारो पानांचे अर्ज वाचायला, वकिलाला दाखवायला, रजा टाकायला वेळ हवा होता, त्याच्यासाठी ती जाहिरात असते. कंपन्यांना तयारीला दोन वर्षं मिळाली. शेजाऱ्याला कायदा दोन आठवडे देतो आणि तेही कापले गेले, तर तो तपशील उरत नाही.

कंपन्यांनी या निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली. बॉब वेअर यांचं निकालाच्या काही दिवस आधी, जुलै २०२५ मध्ये, निधन झालं होतं. ज्या मतदानात ते हरले, ते रद्द झालेलं त्यांना पाहता आलं नाही.

या प्रकरणातला जो भाग मला अजून अस्वस्थ करतो तो वेगळा आहे. न्यायालयाने रद्द केला तो डिसेंबर २०२३ चा झोनबदल. नोव्हेंबर २०२२ मध्ये विकास आराखड्यात जो बदल झाला, तो या निकालाचा विषय नव्हता. खरी वाट तिथेच फुटली होती. आराखड्यात एकदा ग्रामीण पट्ट्याऐवजी तंत्रज्ञानाचा पट्टा आला की नंतरचा प्रत्येक अर्ज ‘आराखड्याशी सुसंगत’ म्हणून पुढे येतो आणि विरोध करणाऱ्याला उतारावरून घरंगळणारा दगड अडवायला उभं राहावं लागतं.

आणि ज्यांनी विक्रीचे करार केले ते मालक? त्यांचे सौदे झोनबदलावर अवलंबून होते. निकालानंतर त्यांच्या जमिनीवर कागदोपत्री पुन्हा जुनाच नियम आला: दहा एकरांत एक घर. घरासमोरचे मनोरे आणि त्यावरच्या तारा होत्या तिथेच आहेत.